एक दाब म्हणजे एकच दाब: रास्पबेरी पायला बटण जोडताना

बटण दाबल्यावर दिवा लागणं हे पाच मिनिटांचं काम आहे. एकदा दाबल्यावर एकदाच मोजलं जाणं, न दाबता काहीच न होणं, आणि महिनाभर चालू ठेवल्यावरही तसंच राहणं, हे मात्र थोडं विचारपूर्वक करावं लागतं. बटणाची तक्रार आली की बहुतेक जण आधी प्रोग्रॅम उघडून बसतात. आमचा आग्रह उलटा आहे. आधी पिनवरचा व्होल्टेज ठाम करा, तो ठाम आहे हे मोजून बघा, आणि मगच पायथनमधल्या प्रोग्रॅमला हात लावा. खालचा क्रमही तसाच आहे.

एक सूचना आधीच. आज्ञा आणि फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायची (फक्त ‘बटन’, ‘ट्रू’, ‘फॉल्स’ आणि ‘नन’ यांचं पहिलं अक्षर मोठं), आणि ‘व्हेन प्रेस्ड’सारख्या जोडनावांत दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर टाकायचा.

काय लागेल

४० पिनांचं हेडर, म्हणजे पिनांची दुहेरी ओळ, असलेला कोणताही रास्पबेरी पाय (एका बोर्डावरचा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) चालेल. २०१४ च्या बी प्लसपासून पुढच्या मॉडेलांवर हे हेडर आहे आणि त्याच्या पिनांचा क्रम बदललेला नाही. सोबत ६ बाय ६ मिलिमीटरचा चार पायांचा टॅक्ट स्विच (दाबायचं छोटं बटण), ब्रेडबोर्ड (भोकांत टोकं खोचून जोडणी करायची पाटी), एका टोकाला मादी आणि दुसऱ्या टोकाला नर असलेल्या दोन जंपर वायरी आणि बीप वाजवणारा मल्टिमीटर घ्या. पुढे तार लांबवायची असेल तर १० किलोओहमचा एक रेझिस्टर (तपकिरी, काळा, नारिंगी), १ किलोओहमचा एक (तपकिरी, काळा, लाल) आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ज्यावर १०४ छापलेलं असतं तो, घेऊन ठेवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळं सुटं मिळतं. टॅक्ट स्विच मात्र एकच न घेता दहा घ्या. स्वस्त स्विचांत एखादा मुळातच खराब निघतो, आणि तो शोधत बसण्यापेक्षा बदलून बघणं सोपं जातं.

पिनांचे दोन आकडे

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. प्रोग्रॅममधून वाचता किंवा चालवता येणाऱ्या पिनांना जीपीआयओ म्हणतात, आणि अशा प्रत्येक पिनला दोन क्रमांक असतात. एक हेडरवरच्या जागेचा, १ ते ४०. दुसरा जीपीआयओ क्रमांक, जो चिपच्या बाजूने ठरतो आणि प्रोग्रॅममध्ये वापरला जातो. जीपीआयओ १७ ही हेडरवरची ११ वी पिन आहे. हेडरवरची १७ वी पिन म्हणजे ३.३ व्होल्टचा पुरवठा. प्रोग्रॅममध्ये १७ लिहिलं म्हणून बटणाची तार मोजून १७ व्या पिनला लावली आणि दुसरी ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या पिनला, तर बटण दाबताक्षणी ३.३ व्होल्टची लाइन सरळ ग्राउंडला शॉर्ट होते. पाय बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो, मेमरी कार्डावरचा डेटा बिघडू शकतो, आणि नशीब वाईट असेल तर बोर्डाचा वीजपुरवठ्याचा भाग जातो. जीपीआयओ ४ ची गत तशीच आहे. तो ७ व्या पिनवर असतो, आणि हेडरवरची ४ थी पिन ५ व्होल्टची आहे.

म्हणून बटण दाबल्यावर पाय रीस्टार्ट होत असेल तर प्रोग्रॅमकडे बघूच नका. तार चुकीच्या पिनवर आहे. टर्मिनलमध्ये ‘पिनआउट’ ही आज्ञा दिली की तुमच्याच बोर्डाचा नकाशा दोन्ही क्रमांकांसह समोर येतो. तार लावण्याआधी तो बघायची सवय लावून घ्या.

दुसरा पक्का नियम म्हणजे जीपीआयओ पिनला ३.३ व्होल्टपेक्षा जास्त काहीही लावायचं नाही. ५ व्होल्टवर चालणाऱ्या आर्डुइनो उनो या दुसऱ्या बोर्डासाठी काढलेली आकृती पाहून ५ व्होल्टची तार बटणातून पिनकडे आणली, तर पिन जळण्याची पूर्ण शक्यता आहे.

कोणती पिन निवडायची? सुरुवातीला जीपीआयओ १७, २७ किंवा २२ घ्या, म्हणजे हेडरवरच्या ११, १३, १५ क्रमांकाच्या पिना. त्यांच्या शेजारीच ९ आणि १४ क्रमांकावर ग्राउंड आहे. जीपीआयओ २ आणि ३ वर आयटूसी (सेन्सरसारखी उपकरणं जोडायची दोन तारांची पद्धत) असतं आणि बोर्डावरच १.८ किलोओहमचे पुल-अप रेझिस्टर (ते काय, हे पुढच्याच भागात) कायमचे जोडलेले असतात. १४ आणि १५ वर सीरियल पोर्ट असतो. काही खास कारण नसेल तर या चारींना बटणासाठी हात लावू नका.

लटकती पिन आणि पुल-अप

इनपुट म्हणून ठेवलेल्या पिनला काहीच जोडलेलं नसेल तर ती ना धड शून्यावर असते ना ३.३ वर. जवळून बोट नेलं, शेजारच्या तारेतून वीज गेली, तरी तिचं वाचन बदलतं. नुसतं ३.३ व्होल्ट आणि पिन यांच्यामध्ये बटण टाकलं, तर दाबलेलं असताना वाचन बरोबर येतं आणि सोडल्यावर पिन लटकते. ‘बटणाला हात न लावता आपोआप दाबलं जातंय’ या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

उपाय म्हणजे पिनला एका रेझिस्टरमधून ३.३ व्होल्टकडे हलकं ओढून ठेवणं. हाच पुल-अप. बटण पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये येतं. सोडलेलं असताना पिन वर, म्हणजे हाय. दाबलं की पिन खाली, म्हणजे लो. हे सुरुवातीला उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. बटणापर्यंत फक्त सिग्नल आणि ग्राउंड न्यावं लागतं, ३.३ व्होल्टची तार घरभर फिरवावी लागत नाही. कुठे तार घासली आणि ग्राउंडला टेकली, तरी फार तर खोटा दाब नोंदला जाईल, बोर्ड वाचेल.

हा रेझिस्टर चिपच्या आतच असतो आणि प्रोग्रॅममधून चालू करता येतो. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर तो साधारण ५० ते ६५ किलोओहमचा आहे. ब्रेडबोर्डवर, वीतभर तारेला तेवढा पुरतो. मात्र पाय सुरू होताना प्रत्येक पिनची अवस्था सारखी नसते. जीपीआयओ ० ते ८ या पिना वरच्या बाजूला, ३.३ व्होल्टकडे, ओढलेल्या असतात आणि ९ ते २७ खाली, ग्राउंडकडे. म्हणजे १७ वर बटण असेल तर तुमचा प्रोग्रॅम पुल-अप चालू करेपर्यंत ती पिन लोच वाचेल. सुरुवातीलाच एक खोटा दाब दिसत असेल तर आधी ही गोष्ट तपासा.

जोडणी

पाय बंद करा, प्लग काढा. टॅक्ट स्विचचे चार पाय दोन-दोनच्या जोडीने आतून आधीच जोडलेले असतात. बटण दाबल्यावर या दोन जोड्या एकमेकींना जोडल्या जातात. चुकून एकाच जोडीचे दोन पाय वापरले तर पायला बटण कायम दाबलेलंच दिसेल. कोणती जोडी कुठली हे लक्षात ठेवायची गरज नाही. तिरके पाय घ्या, म्हणजे वरचा डावा आणि खालचा उजवा. ते नेहमी वेगवेगळ्या जोडीतले असतात.

स्विच ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर आडवा बसवा, म्हणजे दोन पाय एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला येतील. पाय पूर्ण आत गेल्याची खात्री करा. टॅक्ट स्विचचे पाय वाकडे असतात आणि अर्धवट बसले की बटण उडी मारून बाहेर येतं. मग एका तिरक्या पायाच्या ओळीतून तार ११ व्या पिनला, दुसऱ्यातून ९ व्या पिनला, म्हणजे ग्राउंडला.

वीज देण्याआधी पायकडची दोन्ही टोकं हेडरमधून काढा आणि त्यांच्यावर मल्टिमीटर बीपवर लावा. दाबल्यावर बीप, सोडल्यावर शांत. दाबून धरलेलं असताना बटण थोडं डावी-उजवीकडे हलवा. बीप तुटत असेल तर तो स्विच बाजूला टाका.

आता वीज देऊन पायथनशिवायच तपासा. रास्पबेरी पाय ओएस या पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बुकवर्म नावाच्या आणि नंतरच्या आवृत्त्यांत पिना बघण्यासाठी एक आज्ञा असते. तिचं नाव पी-आय-एन-सी-टी-आर-एल या अक्षरांचं. तिच्यापुढे ‘सेट १७ आयपी पीयू’ लिहिलं की पिन इनपुट होते आणि पुल-अप चालू होतो. ‘गेट १७’ लिहिलं की सध्याची अवस्था दिसते: सोडलेलं असताना एच-आय, दाबून धरलं की एल-ओ. ‘पोल १७’ लिहिलं तर बदल सतत छापले जातात. इथे वाचन बरोबर येत नसेल तर पुढे जाऊ नका. पायथनमध्येही ते बरोबर येणार नाही.

प्रोग्रॅम

जीपीआयओझीरो ही लायब्ररी वापरा. डेस्कटॉपसह येणाऱ्या रास्पबेरी पाय ओएसमध्ये ती आधीच असते. तिच्यातला ‘बटन’ हा क्लास १७ हा आकडा देऊन तयार केला की पिन इनपुट होते आणि पुल-अपही आपोआप चालू होतो. मग ‘व्हेन प्रेस्ड’ला तुमचं फंक्शन नेमून द्यायचं आणि शेवटी सिग्नल मॉड्यूलमधलं ‘पॉझ’ बोलवायचं. एवढ्यात काम होतं. चुका साधारणपणे इथेच होतात.

फंक्शन नेमताना नावापुढे कंस टाकला की ते त्याच क्षणी, बटण न दाबता चालतं आणि नंतर कधीच चालत नाही. फक्त नाव द्या. ‘पॉझ’ विसरलात तर प्रोग्रॅम लगेच संपतो, आणि बटण दाबून काहीच होत नाही असं वाटतं. ‘जीपीआयओ बिझी’ अशी त्रुटी आली तर तुमचाच जुना प्रोग्रॅम कुठल्या तरी दुसऱ्या टर्मिनलमध्ये किंवा सेवा म्हणून अजून चालू आहे आणि त्याने पिन धरून ठेवली आहे. आधी तो थांबवा.

जुन्या लेखांत आरपीआय डॉट जीपीआयओ ही लायब्ररी सर्रास दिसते. २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ वर ती चालत नाही, कारण तिथे पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेल्या आहेत. जुना प्रोग्रॅम न बदलता चालवायचाच असेल तर आरपीआय-एलजीपीआयओ हे तिच्या जागी बसणारं पॅकेज आहे. नवीन लिहीत असाल तर जीपीआयओझीरोच घ्या.

‘व्हाइल ट्रू’च्या चक्रात ‘इज प्रेस्ड’ तपासत राहणं चुकीचं नाही, पण चक्रात ०.०१ सेकंदाची झोप घाला. ती नसेल तर प्रोसेसरचा एक गाभा पूर्णवेळ रिकामा पळत राहतो आणि पाय विनाकारण तापतो. शिवाय अशा चक्रात ‘दाबलेलं आहे का’ एवढंच कळतं. ‘आत्ताच दाबलं का’ हे कळायला मागची अवस्था एका व्हेरिएबलमध्ये ठेवून तुलना करावी लागते. ती न केल्यामुळे एका दाबात दिवा वीस वेळा लागतो-विझतो.

बाउन्स

बटणाच्या आत धातूची पट्टी दुसऱ्या धातूवर आपटते आणि स्थिरावण्याआधी अनेकदा उडते. हाच बाउन्स. डोळ्याला आणि बोटाला हे कळत नाही, पण पायला ते वेगवेगळे दाब दिसतात. चांगल्या टॅक्ट स्विचमध्ये हे ५ ते १० मिलिसेकंदांत थांबतं. झिजलेल्या किंवा मोठ्या बटणात जास्त वेळ लागतो. आणि हे सोडतानाही होतं. ही गोष्ट निम्मे लोक विसरतात.

जीपीआयओझीरोमध्ये ‘बाउन्स टाइम’ मुळात बंद असतो. तो आपण द्यायचा. ०.०३ पासून सुरू करा आणि तरीही दोनदा मोजलं जात असेल तर ०.०५ करा. आकडा सेकंदांत आहे. जुन्या लायब्ररीत तो मिलिसेकंदांत असायचा, त्यामुळे तिथला २०० जसाच्या तसा उचलून इथे लिहिला तर दोनशे सेकंदांचा हिशेब होतो आणि बटण मेल्यासारखं वाटतं.

डिबाउन्स करायच्या, म्हणजे या उड्या गाळायच्या, दोन तऱ्हा आहेत आणि त्यांतला फरक कळला की बरीच कोडी सुटतात. पहिली तऱ्हा: पहिला बदल लगेच मान्य करायचा आणि पुढचा काही काळ डोळे मिटायचे. आरपीआय डॉट जीपीआयओ असं करते. प्रतिसाद तत्काळ मिळतो, पण डोळे मिटायची मुदत संपल्यावर तुम्ही बटण सोडलंत तर सोडतानाच्या उड्यांत पिन हायवरून लोवर जाते तो बदल तिला नवा दाब वाटतो. ‘दाबल्यावर एक आणि सोडल्यावर आणखी एक’ अशी मोजणी होते ती यामुळे. उपाय सोपा आहे. कॉलबॅकमध्ये, म्हणजे बटणाला नेमून दिलेल्या फंक्शनमध्ये, शिरल्यावर ५ ते १० मिलिसेकंद थांबून पिन पुन्हा वाचायची, आणि ती अजून लो असेल तरच दाब मानायचा.

दुसरी तऱ्हा: पातळी ठरावीक काळ स्थिर राहिली तरच बदल मान्य करायचा. एलजीपीआयओ हा पिनांशी प्रत्यक्ष बोलणारा खालचा थर अशा रीतीने काम करतो, आणि जीपीआयओझीरोची २.० आवृत्ती तोच आधी निवडते. यात खोटे दाब जवळपास संपतात, पण प्रत्येक दाब तेवढ्या उशिराने नोंदला जातो. ०.०३ सेकंदाचा उशीर कुणाच्या लक्षात येत नाही. ०.३ दिलात तर झटकन दाबून सोडलेलं बटण नोंदलंच जाणार नाही. म्हणून मुदत वाढवत नेणं हा उपाय नव्हे. ५० मिलिसेकंदांतही भागत नसेल तर बटण, सांधा किंवा तार खराब आहे.

थोडा वेळ, जास्त वेळ

एकाच बटणाला दोन कामं द्यायची, म्हणजे टिचकीला पुढचं गाणं आणि दाबून धरलं की बंद, तर छोट्या दाबाचं काम ‘व्हेन प्रेस्ड’ला देऊ नका. दाबताना पुढे काय होणार हे पायला माहीत नसतं. ‘होल्ड टाइम’ २ सेकंद ठेवा. ‘व्हेन हेल्ड’मध्ये मोठं काम करा आणि एक खूण ‘ट्रू’ करा. ‘व्हेन रिलीज्ड’मध्ये ती खूण तपासा: खूण असेल तर ती फक्त पुसा, नसेल तर छोटं काम करा.

कॉलबॅकमध्ये लांबलचक काम, उदाहरणार्थ फोटो काढून कुठे तरी पाठवणं, करू नका. तेवढ्या वेळात झालेले दाब मागे साचतात आणि नंतर एकापाठोपाठ एक चालतात. कॉलबॅकने फक्त रांगेत नोंद टाकावी आणि मुख्य चक्राने ती उचलून काम करावं.

तार लांब नेताना

बटण दारात आणि पाय आतल्या खोलीत अशी वेळ आली की आतला पुल-अप अपुरा पडतो. ५० किलोओहममधून जेमतेम ०.०७ मिलिअँपिअर वाहतो, आणि पाच मीटरची तार अँटेनाचं काम करते. मिक्सर किंवा पाण्याचा पंप चालू झाला की बेल वाजते, ती यामुळे.

जोडणी अशी करा. ३.३ व्होल्टपासून १० किलोओहमचा रेझिस्टर एका बिंदूला. तोच बिंदू सरळ जीपीआयओ १७ ला. त्या बिंदूपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आणि त्याच बिंदूपासून १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून बाहेर बटणाकडे जाणारी तार. बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला. हे चारही सांधे पायजवळ हवेत, बटणाजवळ नकोत.

यातला १ किलोओहम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तारेतून येणारे झटके तो कपॅसिटरशी मिळून शोषतो. कपॅसिटरची सगळी साठवण एकदम बटणाच्या संपर्कावर ओतली जाण्यापासून अडवतो. आणि प्रोग्रॅममध्ये चुकून १७ आउटपुट हाय झाली आणि कुणी बटण दाबलं, तर पिनमधून फार तर ३.३ मिलिअँपिअर जाऊ देतो. दाबल्यावर पिनवर ०.३ व्होल्ट उरतात, ते लो म्हणून निश्चित वाचले जातात. १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड मिळून साधारण १ मिलिसेकंदाचा काळ होतो. तो तारेत शिरणाऱ्या विजेच्या गोंगाटाला (नॉइज) पुरतो, बाउन्सला पुरत नाही, म्हणून ‘बाउन्स टाइम’ तसाच ठेवा. बाहेर रेझिस्टर लावला की प्रोग्रॅममध्ये ‘पुल अप’ला ‘नन’ आणि ‘ॲक्टिव्ह स्टेट’ला ‘फॉल्स’ द्यायचं.

तार म्हणून नेटवर्कची कॅट ५ केबल उत्तम. सिग्नल आणि ग्राउंड एकाच पिळलेल्या जोडीतून न्या. २३० व्होल्टच्या वायरिंगच्या पाइपमधून ती कधीही ओढू नका. गोंगाटाचा प्रश्न तर आहेच, पण आतली एखादी वायर सोललेली निघाली तर बटण दाबणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

पॅनेलवरची मोठी बटणं

कारखान्यातलं २२ मिलिमीटर भोकाचं बटण लावायचं असेल तर मागच्या ब्लॉकवरचे आकडे वाचा. शेवटचे अंक ३ आणि ४ असतील तर तो दाबल्यावर जुळणारा, म्हणजे एनओ संपर्क. १ आणि २ असतील तर तो एनसी, दाबल्यावर तुटणारा. एक्स१ आणि एक्स२ हे आतल्या दिव्याचे, आणि तो दिवा २४ किंवा २३० व्होल्टचा असू शकतो. त्यांचा पायशी काही संबंध नाही.

या बटणांचे संपर्क जास्त करंटसाठी बनवलेले असतात. पायच्या अत्यल्प करंटने त्यांच्यावरचा काळपट थर फुटत नाही, आणि काही महिन्यांनी बटण मधूनच चुकायला लागतं. तिथे २४ व्होल्टची वेगळी सप्लाय आणि पीसी८१७ ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पलीकडे नेणारा, दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा सुटा भाग) वापरा. २४ व्होल्ट, बटण, २.२ किलोओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर, ऑप्टोकपलरची १ ली पिन, आणि २ री पिन परत २४ व्होल्टच्या निगेटिव्हला. बटणातून साधारण १० मिलिअँपिअर जातात. १२ व्होल्टला १ किलोओहम, पाव वॉट. पायच्या बाजूला ४ थी पिन जीपीआयओला पुल-अपसह आणि ३ री पायच्या ग्राउंडला. दोन्हीकडची ग्राउंड एकत्र करू नका, वेगळेपणासाठीच तर ऑप्टोकपलर घातला आहे.

आणीबाणीचं लाल स्टॉप बटण मात्र पायवर अवलंबून ठेवायचं नाही. लिनक्स अडकू शकतं, कार्ड बिघडू शकतं. त्या बटणाने मशीनचा पुरवठा थेट कॉन्टॅक्टरमधून, म्हणजे मोठा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवरच्या स्विचमधून, तोडला पाहिजे. पायला हवं तर दुसऱ्या संपर्कातून फक्त खबर द्या.

पाय बंद करायचं बटण

यासाठी प्रोग्रॅम लागतच नाही. बूट फोल्डरमधल्या फर्मवेअर फोल्डरात ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’ फाइल असते. तिच्यात ‘डीटीओव्हरले’, मग बरोबरचं चिन्ह (=), मग ‘जीपीआयओ-शटडाउन’ अशी एक ओळ घाला. बटण हेडरच्या ५ आणि ६ क्रमांकाच्या पिनांमध्ये लावा. ५ वी म्हणजे जीपीआयओ ३, आणि पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बंद झालेला पाय तेच बटण दाबून पुन्हा सुरूही होतो. आयटूसीचं काही उपकरण जोडलेलं असेल तर ही पिन मोकळी नसते. मग त्या ओव्हरलेच्या ओळीत दुसरा जीपीआयओ द्या. बंद होणं चालेल, पण सुरू करायला प्लग काढूनच घालावा लागेल. पाय ५ वर बोर्डाच्या कडेलाच पॉवरचं बटण दिलेलं आहे.